काउंटीच्या बोर्डापुढे पार्कबद्दल बोलायचंय? पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

अमेरिकेत नव्याने आलेल्या आपल्या माणसांना पार्कची ओळख फार लवकर होते. आई-वडील सहा महिन्यांसाठी आले की त्यांना सकाळी फिरायला तिथेच न्यायचं, मंडळाची सहल तिथे, मुलाचा पहिला वाढदिवसही तिथल्याच शेडखाली. पण त्या पार्कात गाडीमागे किती पैसे घ्यायचे, शेड किती महिने आधी बुक करता यावी, स्वच्छतागृह किती वाजता उघडावं, हे कोण ठरवतं ते आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक नसतं. मलाही बे एरियात सहा वर्षं राहून ठाऊक नव्हतं.

मग एका सकाळी गेटजवळच्या फलकावर एक कागद दिसला. आतापर्यंत फक्त उन्हाळ्यात आणि शनिवार-रविवारी घेतलं जाणारं गाड्यांचं शुल्क बारमाही करायचा प्रस्ताव होता. माझ्या सासूबाई त्या पार्कात रोज सकाळी इतर सात-आठ आज्या-आजोबांबरोबर फिरतात. मी तडक आमच्या शहराच्या कौन्सिलच्या बैठकीला गेले, दोन तास बसले, दोन मिनिटं बोलले, आणि खाली उतरल्यावर एका कर्मचाऱ्याने हळूच सांगितलं की हे पार्क शहराचं नाही, काउंटीचं (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाच्या सरकारचं) आहे. तो हेलपाटा तर गेलाच, पण त्याच आठवड्यात काउंटीच्या पार्क समितीत हा विषय चर्चेला येऊन गेला होता आणि तिथे आमच्यापैकी कोणीच नव्हतं. पुढच्या चार महिन्यांत जे शिकले ते इथे लिहिते आहे.

हे सगळं कॅलिफोर्नियाबद्दल आहे. नावं आणि नियम राज्यागणिक बदलतात. काउंटीचा कारभार पाहणाऱ्या मंडळाला न्यू जर्सीत बोर्ड ऑफ काउंटी कमिशनर्स म्हणतात (२०२० पर्यंत त्यांना फ्रीहोल्डर म्हणायचे). टेक्सासमध्ये त्याचं नाव कमिशनर्स कोर्ट आहे, पण ते काही न्यायालय नव्हे. कनेक्टिकटमध्ये तर काउंटी सरकारच नाही. तुम्ही दुसरीकडे असाल तर पायऱ्यांचा क्रम उपयोगी पडेल, दिवसांचे आकडे मात्र तिथले तपासून घ्या.

सुरुवातीलाच: व्हिसावर असताना बोलता येतं का?

येतं. मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, म्हणून तो आधी. कॅलिफोर्नियात स्थानिक संस्थांच्या बैठका ब्राउन ॲक्ट या १९५३ च्या कायद्याखाली चालतात. त्यात बोलण्याचा हक्क ‘जनतेतल्या कोणालाही’ आहे, नागरिकत्वाची अट नाही. एच-वन, एच-फोर, ग्रीन कार्ड, विद्यार्थी, भेटीला आलेले आई-वडील, सगळे बोलू शकतात. बैठकीत बसायला नाव नोंदवण्याची सक्ती करता येत नाही. ओळखपत्र लागत नाही.

दोन गोष्टी मात्र कटाक्षाने टाळा. एक, मतदार नोंदणी. लायसन्स काढताना मोटार वाहन विभागाच्या अर्जात त्याबद्दल प्रश्न येतो. घाईत ‘हो’ म्हणून पुढे जाऊ नका, कारण नागरिक नसताना नागरिक असल्याचं सांगणं पुढे इमिग्रेशनमध्ये फार महागात पडतं. दुसरी, निवडणुकीसाठी देणगी. ओळखीचे कोणी सुपरवायझरच्या (काउंटी बोर्डाच्या निवडून आलेल्या सदस्याच्या) निधी-संकलनाच्या कार्यक्रमाला बोलावतात, जेवण असतं, सगळे पाकीट देतात. ग्रीन कार्ड नसलेल्या परदेशी व्यक्तीला स्थानिक निवडणुकीतही देणगी देता येत नाही. बोला, पत्र लिहा, भेटा, पण चेक लिहू नका.

१. पार्क कोणाचं ते आधी शोधा

मी चुकले ती पायरी ही, आणि जवळपास प्रत्येक नवा माणूस इथेच अडखळतो. आपल्याकडे बाग म्हटली की महापालिका, वॉर्ड ऑफिस, नगरसेवक. इथे शेजारी-शेजारी असलेल्या दोन हिरवळींचे मालक वेगळे असू शकतात.

लॉस गॅटोसचं वासोना लेक पार्क सँटा क्लारा काउंटीचं आहे आणि त्याला लागूनच असलेलं ओक मेडो पार्क लॉस गॅटोस गावाचं. मुलं एकातून दुसऱ्यात पळत जातात, पण शुल्काचा निर्णय करणारी सभागृहं दोन आहेत. फ्रीमाँटला लेक एलिझाबेथ शहराचं, पण मिशन पीक आणि क्वारी लेक्स ईस्ट बे रीजनल पार्क डिस्ट्रिक्टचे. ही १९३४ साली स्थापन झालेली स्वतंत्र संस्था आहे, तिचं स्वतःचं निवडून आलेलं संचालक मंडळ आहे, आणि ती ना शहराच्या हाताखाली आहे ना काउंटीच्या. हेन्री कोए आणि कॅसल रॉक ही राज्याची पार्क. त्यांचा पास काउंटीच्या गेटवर चालेल असं धरून जाऊ नका. (राज्याच्या पार्कांचा गाडीचा पास सार्वजनिक वाचनालयातून पुस्तकासारखा घरी नेता येतो, हे जाता जाता सांगते. ही सोय २०२२ पासून आहे आणि आपल्या लोकांत अजून फारशी माहीत नाही.)

शोधायचं कसं? प्रवेशद्वारावरच्या मोठ्या पाटीवर मालकाचं बोधचिन्ह असतं. तिचा फोटो काढा. शुल्काच्या पाटीखाली बारीक अक्षरात ज्या नियमावलीचा उल्लेख असतो तीही बघा. शंका असेल तर पार्कच्या क्रमांकावर फोन करून एकच प्रश्न विचारा: ‘या पार्कचं शुल्क कोणत्या मंडळाच्या मतदानाने ठरतं?’ ‘पार्क कोण सांभाळतं’ असं विचारू नका. क्यूपर्टिनोजवळच्या रँचो सॅन अँटोनियोसारख्या ठिकाणी जमीन एकाची आणि देखभाल दुसऱ्याची असते, मग उत्तर दिशाभूल करतं.

२. निर्णय करणारे कोण

काउंटीचा कारभार बोर्ड ऑफ सुपरवायझर्स पाहतं. ‘सुपरवायझर’ ऐकून कारखान्यातला मुकादम डोळ्यांपुढे येतो, पण हे निवडून आलेले लोकप्रतिनिधी आहेत. कॅलिफोर्नियात ५८ काउंट्या आहेत. सॅन फ्रान्सिस्को शहर आणि काउंटी एकच असल्यामुळे तिथे ११ सुपरवायझर, बाकी ठिकाणी पाच. म्हणजे सुमारे १९ लाख वस्तीच्या आणि १५ शहरांच्या सँटा क्लारा काउंटीतही पार्कचा विषय तीन मतांवर ठरतो. तुमचा पत्ता ज्यांच्या डिस्ट्रिक्टमध्ये (मतदारसंघात) येतो ते तुमचे सुपरवायझर, त्यांना लिहिलेल्या पत्राचं वजन सगळ्यात जास्त.

बोर्डाखाली पार्क समिती असते. ती फक्त सल्ला देते म्हणून लोक तिच्याकडे दुर्लक्ष करतात. माझं मत अगदी उलट आहे. समितीच्या बैठकीला माणसं कमी असतात, सदस्य प्रश्न विचारतात, पार्क विभागाचे अधिकारी समोर बसलेले असतात आणि मसुदा अजून ओला असतो. बोर्डापुढे येईपर्यंत तो बराचसा वाळलेला असतो.

आणखी एक माणूस लक्षात ठेवा: सुपरवायझरच्या कार्यालयात पार्कचा विषय सांभाळणारा सहायक. पंधरा मिनिटांची भेट मागितली की बहुधा मिळते. आपण थेट ‘साहेबां’नाच गाठायला बघतो, पण टिपण तयार करणारा हाच असतो.

३. वर्षाचं वेळापत्रक पकडा

काउंटीचं आर्थिक वर्ष १ जुलै ते ३० जून. शुल्कवाढीचे बरेचसे प्रस्ताव अंदाजपत्रकाबरोबर येतात. सँटा क्लारामध्ये मे महिन्यात अंदाजपत्रकाचा मसुदा बाहेर येतो आणि जूनमध्ये सुनावण्या होतात. म्हणजे जूनच्या शेवटी जागं झालात तर वरातीमागून घोडं. विभाग आपले प्रस्ताव हिवाळ्यातच बांधायला घेतात, त्यामुळे तुमची सूचना मूळ मसुद्यात यावी असं वाटत असेल तर जानेवारी-फेब्रुवारीत पार्क विभागाला आणि समितीला लिहा.

४. अजेंडा वाचायला शिका

नियमित बैठकीचा अजेंडा किमान ७२ तास आधी लावावा लागतो, विशेष बैठकीचा २४ तास. मंगळवारी सकाळी साडेनऊची बैठक असेल तर शनिवारी सकाळी साडेनऊच्या आत तो बाहेर यायलाच हवा. क्लर्क ऑफ द बोर्डच्या (बोर्डाच्या बैठकांचं कागदपत्रांचं काम पाहणाऱ्या कार्यालयाच्या) ईमेल यादीत नाव घाला, म्हणजे तो आपोआप येत राहील.

अजेंड्यात कलमांना क्रमांक असतात. तुमच्या कलमाचा क्रमांक लिहून ठेवा, कारण पत्र, चिठ्ठी, भाषण सगळीकडे तोच लागतो. आणि ‘कन्सेंट कॅलेंडर’ हे शब्द दिसले की सावध व्हा. त्याखालची दहा-वीस-चाळीस कलमं चर्चेशिवाय एकाच मतदानात मंजूर होतात. शुल्कपत्रकातला बदल किंवा पार्कातल्या जागेचा भाडेकरार तिथे असू शकतो. बोलायचं असेल तर त्या मतदानाच्या आधी, म्हणजे बैठकीच्या अगदी सुरुवातीला, हजर राहावं लागतं. ‘आपला नंबर दुपारी येईल’ म्हणून निवांत अकराला पोचणाऱ्यांचा विषय साडेनऊलाच संपलेला असतो. ते कलम कन्सेंटमधून बाहेर काढून स्वतंत्र चर्चेला घ्यावं, अशी विनंती आदल्या दिवशी तुमच्या सुपरवायझरच्या कार्यालयाला करता येते.

अजेंड्यावर नसलेल्या विषयावरही बोलता येतं, त्यासाठी वेगळा वेळ असतो. पण तिथे बोर्ड तुमच्याशी चर्चा करणार नाही. अजेंड्यावर नसलेल्या विषयावर निर्णय करायला कायद्याने मनाई आहे, म्हणून ते ऐकतात, आभार मानतात आणि पुढचं नाव पुकारतात. पहिल्यांदा बोलणाऱ्याला हा अपमान वाटतो. तसं मनाला लावून घेऊ नका.

५. कागद गोळा करा

प्रत्येक कलमाला एक स्टाफ रिपोर्ट, म्हणजे काउंटीच्या कर्मचाऱ्यांनी लिहिलेला अहवाल, जोडलेला असतो. तो अथपासून इतिपर्यंत वाचा, विशेषतः ‘आर्थिक परिणाम’ आणि ‘मुलांवर, ज्येष्ठांवर परिणाम’ असे मथळे असतील ते. ‘परिणाम नाही’ असं एका ओळीत लिहिलेलं असेल तर तुमचं काम तिथूनच सुरू होतं.

रिपोर्टमध्ये न सापडलेली माहिती कॅलिफोर्निया पब्लिक रेकॉर्ड्स ॲक्टखाली मागता येते. आपल्या माहिती अधिकाराचाच हा भाऊ. २००५ च्या आपल्या कायद्यात दहा रुपयांचा अर्ज आणि तीस दिवस. इथे साधा ईमेल चालतो, कारण सांगावं लागत नाही, आणि माहिती देणार की नाही हे दहा दिवसांत कळवावं लागतं (काही परिस्थितीत आणखी चौदा दिवस वाढवून घेता येतात). कागद प्रत्यक्ष हातात यायला त्याहून वेळ लागू शकतो, म्हणून नेमकं मागा. ‘पार्कच्या शुल्काबद्दल सगळं’ असं मागितलंत तर महिनोन्महिने वाट बघाल. ‘अमुक पार्कच्या गेटवर गेल्या दोन आर्थिक वर्षांत महिन्यावार जमा झालेलं शुल्क’ असं मागा.

बैठकीआधी माझ्या फायलीत एवढं असतं:

- पार्कच्या पाटीचा आणि शुल्काच्या फलकाचा फोटो
- सध्याचं आणि प्रस्तावित शुल्कपत्रक, बदललेल्या ओळी रंगवून
- स्टाफ रिपोर्टची छापील प्रत
- अंदाजपत्रकातलं पार्क विभागाचं पान
- आपली स्वतःची मोजदाद (मी दहा दिवस सकाळी सात ते आठ गेटपाशी उभी राहून सोडायला आलेल्या गाड्या मोजल्या, तारीख आणि वेळ लिहून)
- एका पानाचं निवेदन, सात प्रती: पाच बोर्डाला, एक क्लर्कला, एक आपल्याला

निवेदन आणि ईमेल ही सार्वजनिक कागदपत्रं होतात, कोणीही वाचू शकतं. त्यात घराचा पत्ता, मुलांची शाळा, व्हिसाची माहिती घालू नका. ‘अमुक डिस्ट्रिक्टची रहिवासी’ एवढं पुरतं.

६. शुल्क कोणत्या जातीचं आहे ते ओळखा

आपल्या मराठी मंडळाच्या बैठकांत मी हा मुद्दा सगळ्यात जास्त वेळ समजावते, कारण इथे चुकलं की सगळं भाषण वाया जातं.

२०१० साली कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी प्रपोझिशन २६ (थेट जनतेच्या मतदानाला आलेला प्रस्ताव) मंजूर केलं. त्यानुसार स्थानिक सरकारने लावलेली आकारणी ही मुळात करच मानायची, ठरावीक अपवादांत बसली तरच ते शुल्क. कर असेल तर मतदारांची मंजुरी लागते. परवाना किंवा सेवा यांसाठीच्या शुल्काचा अपवाद आहे, पण ते त्या कामाच्या वाजवी खर्चापेक्षा जास्त असू नये. मोठ्या कार्यक्रमाच्या परवानगीसाठी अर्ज तपासण्याचं शुल्क या गटात येतं. तिथे ‘हा अर्ज तपासायला खरोखर किती तास लागतात?’ हा प्रश्न नेमका लागू पडतो.

सरकारी मालमत्तेत प्रवेश करायचं किंवा ती वापरायचं शुल्क, म्हणजे पार्कात गाडी आणण्याचे पैसे किंवा शेडचं भाडं, हा वेगळा अपवाद आहे आणि त्यात खर्चाच्या मर्यादेची ती अट लिहिलेली नाही. म्हणून ‘गेटवर माणूस ठेवायला एवढा खर्च येतच नाही’ असं कितीही पोटतिडकीने सांगितलं तरी बोर्डाचे हात बांधले जात नाहीत. तिथे सांगायचं ते वेगळं: या शुल्काने कोण यायचं थांबेल, त्यातून किती पैसे येतील, तेवढे पैसे कमी त्रासात कुठून येऊ शकतात.

पार्कसाठी पैसा येतो कुठून हेही बघा. सँटा क्लारा काउंटीत १९७२ साली मतदारांनी चार्टरमध्ये (काउंटीच्या मूळ सनदेत) दुरुस्ती करून मालमत्ता कराचा एक हिस्सा काउंटी पार्कांसाठी राखून ठेवला आणि पुढे मतदानाने तो वेळोवेळी चालू ठेवला. सगळीकडे असा राखीव निधी नसतो. जिथे नाही तिथे पार्कची स्पर्धा थेट दवाखाने आणि तुरुंगाच्या खर्चाशी असते, आणि ‘शुल्क नकोच’ ही मागणी तिथे टिकत नाही.

७. एकच मागणी ठरवा

आमच्या गटात पहिल्या दिवशी अकरा मागण्या निघाल्या: बाकं, सावली, पाण्याचा नळ, कुत्र्यांचे पट्टे, सगळंच. सगळ्या खऱ्या होत्या. शेवटी उरली ती एक: सकाळी माणसाला सोडायला आलेल्या गाडीला पहिली वीस मिनिटं शुल्क नको. सुपरवायझरला ठरावात जसंच्या तसं घालता येईल असं वाक्य असावं. ‘ज्येष्ठांचा विचार करा’ हे वाक्य ठरावात बसत नाही.

एक खबरदारी. पाचही सुपरवायझरांना तुम्ही स्वतंत्रपणे भेटू शकता, पण एकाचं मत दुसऱ्याला जाऊन सांगू नका. बहुमताएवढ्या सदस्यांनी बैठकीबाहेर, मध्यस्थामार्फतसुद्धा, विषयावर चर्चा करणं ब्राउन ॲक्टला मान्य नाही. ‘अमुक ताईंनी होकार दिलाय, आता तुम्ही द्या’ ही आपली सवयीची पद्धत इथे सगळ्यांनाच अडचणीत आणते.

८. बोलायचा दिवस

दारापाशी चिठ्ठ्या असतात, त्यावर कलमाचा क्रमांक लिहून क्लर्ककडे द्या. ऑनलाइन बोलायची सोय आहे का ते अजेंड्याच्या पहिल्या पानांवर लिहिलेलं असतं. वेळ अध्यक्ष ठरवतात. साधारण दोन किंवा तीन मिनिटं, पण गर्दी झाली तर प्रत्येकी एकच मिनिट. म्हणून भाषणाच्या दोन प्रती लिहा, एक दोन मिनिटांची, एक एका मिनिटाची. मराठीत मिनिटाला शंभरएक शब्द होतात. घरी घड्याळ लावून मोठ्याने वाचून बघा. पहिलं वाक्य मागणीचं ठेवा, कारण दिवा लाल झाला की माइक बंद होऊ शकतो.

आता आई-वडिलांबद्दल. भाषांतरासाठी माणूस बरोबर घेऊन बोलणाऱ्याला किमान दुप्पट वेळ द्यावा लागतो (ऐकता ऐकता भाषांतर करणारी यंत्रणा सभागृहात नसेल तर). ते माणूस तुम्हीच असू शकता. चिठ्ठीवर तसं लिहा आणि क्लर्कला आधी सांगून ठेवा.

माझ्या सासूबाईंनी त्यांच्या तीन ओळी डायरीच्या फाडलेल्या पानावर लिहून आणल्या होत्या. माइक त्यांच्या कपाळाएवढा उंच होता, एका कर्मचाऱ्याने येऊन तो खाली वाकवला. समोरच्या छोट्या पडद्यावर ४:०० असा आकडा उमटला. आईंनी चष्मा लावला आणि म्हणाल्या, ‘नमस्कार. माझं वय चौऱ्याहत्तर आहे. सून मला सकाळी गेटपाशी सोडते आणि कामाला जाते. माझे गुडघे दुखतात, म्हणून ती मी उतरून बाकापर्यंत पोचेस्तोवर थांबते. त्या पाच मिनिटांचे पैसे घेऊ नका.’ मी भाषांतर केलं. अजून दोन मिनिटांहून जास्त वेळ शिल्लक होता, पण आईंनी पान घडी घालून पर्समध्ये ठेवलं आणि वळल्या. त्यानंतर मी माझ्या वाट्याच्या वेळेत दहा दिवसांच्या मोजदादीचे आकडे दिले. एका सुपरवायझरने ती वीस मिनिटं सोडली तर उत्पन्न किती घटेल याचा हिशेब पार्क विभागाकडून मागवला, आणि शुल्काचं ते कलम पुढच्या बैठकीपर्यंत थांबलं.

आपण गटाने जात असाल तर सगळ्यांनी एकच गोष्ट बोलू नका. एकाने मागणी, एकाने आकडे, एकाने अनुभव. बाकीचे बसल्या जागी हात वर करून किंवा उभे राहून पाठिंबा दाखवू शकतात. टाळ्या वाजवू नका, बऱ्याच सभागृहांत अध्यक्ष लगेच टोकतात.

९. नंतरचं काम

त्याच दिवशी संध्याकाळी सुपरवायझरच्या सहायकाला चार ओळींचं पत्र पाठवा: कलमाचा क्रमांक, तुमची मागणी, बोर्डाने काय सांगितलं, तो विषय परत कधी येणार. विषय ‘स्टाफकडे पाठवला’ असेल तर तारीख विचारल्याशिवाय राहू नका, नाहीतर तो तिथेच पडून राहतो. पुढच्या अजेंड्यांत तो शोधत राहा, कधी कधी तो कन्सेंटमधून परत येतो.

ठराव झाला की मंजूर झालेलं शुल्कपत्रक उतरवून घ्या आणि ते कधीपासून लागू होतं ते बघा, बहुधा १ जुलै असतं. त्या दिवशी सकाळी गेटवर जाऊन फलकावरचा मजकूर ठरावाशी ताडून पाहा. सूट ठरावात असते आणि फलकावर राहून जाते, असं होतं. फोटो काढून पार्क विभागाला पाठवला की दोन-चार दिवसांत दुरुस्त होतं.

आणि समितीत जागा रिकामी झाल्याची सूचना आली तर वाचून सोडून देऊ नका. कॅलिफोर्नियात २०२० पासून अशा नेमणुकीच्या पदांसाठी नागरिकत्वाची अट नाही, अठरा वर्षांवरचा राज्यातला रहिवासी पात्र असतो. बैठकीचा भत्ता मिळत असेल तर व्हिसावर असलेल्यांनी आधी आपल्या इमिग्रेशन वकिलाला विचारावं. अर्ज क्लर्क ऑफ द बोर्डकडे मिळतो.